माथ्यावरचं पाणी

माथेरानचा घोडेवाला पॉइंटांची यादी एका दमात म्हणतो. एको, लॉर्ड्स, सेलिया, लुईझा, किंग एडवर्ड, आणि मधेच कुठेतरी शार्लोट लेक. यादीत तलावाचा मान इतर पॉइंटांएवढाच. बांधाशी घोडा थांबतो, फोटो निघतात, लिंबू-तिखट लावलेलं कणीस संपतं आणि मंडळी दरीकडे वळतात. दरी पाहिली की ‘बापरे’ म्हणता येतं. तळ्याकडे पाहून काय म्हणायचं ते कुणाला सुचत नाही. तळं लहान आहे, होड्या नाहीत, पोहायला मनाई आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी भरते तशी जत्रा इथे भरत नाही.

मात्र घोड्यावरून उतरून बांधावर जरा जास्त वेळ काढला, तर काठावरचं पंपघर दिसतं. पाणी गाळून शुद्ध करणारं केंद्र दिसतं, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाट्या दिसतात, झाडीत शिरलेले जाडजूड लोखंडी नळ दिसतात. सहलीच्या पत्रकांत ज्याला ‘नयनरम्य सरोवर’ म्हणतात, ती खरं तर एका गावाची पाण्याची साठवण आहे. पिसारनाथाच्या देवळाजवळच्या घळीत वाहणाऱ्या ओढ्याला इंग्रजी अमदानीत दगडी बांध घातला आणि माथ्यावर पडणारा पाऊस अडवला, त्यातून हे तळं झालं. निसर्गाने इथे तळं ठेवलेलं नव्हतं. ठेवलं असतं तरी टिकलं नसतं. त्याचं कारण पायाखालच्या दगडात आहे.

या डोंगरावर जे काही आहे ते कुणीतरी वर चढवलेलं आहे. मीठ, गॅसचं सिलिंडर, विटा, सिमेंट, लग्नाचा मांडव, हॉटेलातल्या गाद्या, सगळं खालून आलं. रेल्वेने आलं, घोड्यावरून आलं, हातगाडीवरून आलं, नाहीतर डोक्यावरून. तलावातलं पाणी तेवढं आभाळातून थेट माथ्यावर येतं आणि तिथेच थांबतं. शार्लोटला कसं जायचं हे सांगताना या चढवण्याची गोष्ट टाळता येत नाही, आणि मला त्या गोष्टीत तळ्याच्या देखाव्यापेक्षा जास्त रस आहे.

आधी दगडाचं सांगतो. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. खाली सह्याद्रीचा काळा पाषाण, वर जांभ्याचा थर. पायवाटांची लाल माती याच जांभ्याची. इथे आलेल्या माणसाचे मोजे धुवूनही आठवडाभर गुलाबी राहतात. जांभा पाणी धरत नाही. पाऊस चाळणीतून पडावा तसा त्यातून खाली उतरतो, काळ्या पाषाणाला लागला की आडवा सरकतो आणि कड्याच्या कडेला कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून माथेरानचे जुने झरे पठाराच्या मध्यावर नाहीत, कडेकडेला आहेत. मॅलेट स्प्रिंग आणि हॅरिसन स्प्रिंग ही त्यांतली ठाऊक नावं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणाऱ्या या डोंगराला मार्च-एप्रिलपासून तहान लागते, ती एवढ्यामुळे. पाऊस चार महिने कोसळतो आणि बराचसा कड्यांवरून खाली निघून जातो. जो जमिनीत मुरतो तोही कडेला जाऊन गळतो.

मॅलेट हे नाव इथे झऱ्यालाही आहे आणि माथेरानच्या आरंभालाही. ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर. मे १८५० मध्ये त्याचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावी होता. तिथून तो वन ट्री हिलच्या बाजूने वर आला आणि रामबागच्या बाजूने खाली गेला. पुस्तकांत याला माथेरानचा ‘शोध’ म्हणतात. डोंगरावर आणि उतारांवर ठाकर, कातकरी, धनगर तेव्हाही होते, पिसारनाथही होता. साहेबाला वाट दाखवायला चौकचा पाटील होता; तेव्हा शोध कुणी कुणाला लावून दिला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे १८५५ मध्ये गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथे आला, गव्हर्नरसाठी बंगला झाला, आणि उन्हाळ्यात मुंबईच्या घामाला कंटाळलेल्या साहेबांची आणि धनिकांची रीघ लागली. पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबांचे बंगले उठले. त्यांतले कित्येक आजही झाडीत उभे आहेत. काहींची हॉटेलं झाली, काहींना नुसतीच कुलपं आहेत.

बंगले वाढले तसा पाण्याचा प्रश्नही वाढला. मोजक्या माणसांची तहान झरे भागवू शकतात. आंघोळी, बागा, घोडे आणि नोकरचाकर यांना झरे पुरत नाहीत. सगळा बोजा मार्च ते मे या महिन्यांत, म्हणजे नेमकी झऱ्यांची धार बारीक झालेली असताना. पावसाचं पाणी अडवण्यावाचून इलाज नव्हता. घळीच्या तोंडाशी बांध घातला की जांभ्याखालच्या कातळाचा आधार मिळतो आणि आजूबाजूच्या उताराचं पाणी आपसूक तिथे जमतं. जागेची ही निवड अचूक होती. तळ्याभोवतीची झाडी आजही इतकी दाट आहे की दुपारीसुद्धा वाटेवर उन्हाचे कवडसेच पडतात. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, आंबा. ही झाडी शोभेसाठी नाही. तिच्यामुळे माती जागेवर राहते आणि तळं गाळाने भरत नाही.

आता वाट.

मुंबईकडून कर्जतची लोकल धरायची आणि नेरळला उतरायचं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून साधारण दोन तास. पुण्याकडून येणाऱ्यांना कर्जतला उतरून मुंबईच्या दिशेने दोन स्थानकं पुढे यावं लागतं. नेरळच्या फलाटाशेजारीच दोन फूट रुंदीचे छोटे रूळ दिसतात. त्या रुळांवरून वर जाण्यात मजा आहे, पण ती मजा वेळ असणाऱ्यांची आहे. नेरळ ते माथेरान अंतर सुमारे वीस किलोमीटर आणि गाडीला लागतात दोन तासांहून जास्त. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि शेवटी माथेरान. गाडी इतकी हळू जाते की वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन निवांत पाहता येतं.

ही रेल्वे सरकारने बांधलेली नाही. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले बडे उद्योजक. लष्कराला बूट आणि चामड्याचा माल पुरवून त्यांनी पैसा मिळवला होता. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधायला घेतला. बापाने सोळा लाख रुपये ओतले आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. आखणीच्या कामी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं मार्गदर्शन होतं, म्हणजे बार्शी लाइट रेल्वेवाले कॅलथ्रॉप. चढ कुठे कुठे वीसास एक, वळणं अगदी अरुंद. त्याआधी नेरळहून वर यायला तट्टू, पालखी, खुर्ची, नाहीतर स्वतःचे पाय एवढेच मार्ग होते. पालखी आणि खुर्ची कुणाच्या खांद्यावर असे ते वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्या मते आदमजींचं मोठेपण केवळ एक गंमतशीर गाडी दिल्याचं नाही. माणसांच्या खांद्यावरचं ओझं यंत्रावर नेणारी या डोंगरावरची पहिली मोठी गोष्ट त्यांनी केली. दुसरी व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. तिच्याकडे पुढे येतोच.

रेल्वेलाही पाऊस सोडत नाही. २६ जुलै २००५च्या पावसात मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, तो २००७ मध्ये, रेल्वेच्या शंभरीच्या वर्षात पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये एका आठवड्यात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. त्यानंतर डब्यांना एअर ब्रेक आले. २०१९च्या पावसाळ्यात पुन्हा रूळांखालची माती गेली. नेरळपासून थेट गाडी परत धावली ती २२ ऑक्टोबर २०२२ला. दर पावसाळ्यात नेरळ–अमन लॉज हा भाग बंदच असतो आणि अमन लॉज–माथेरान एवढी शटल तेवढी चालते. दिवाळीत जाणाऱ्यांनी थेट गाडी सुरू झाली की नाही हे निघण्याआधी विचारून घ्यावं. सुरू झाली असली तरी तिकीट मिळेल याची खात्री धरू नये. डबे थोडे आणि रांग मोठी.

बहुतेक लोक जातात ते टॅक्सीने. नेरळ स्थानकाबाहेर शेअर टॅक्स्या उभ्या असतात, एसटीची छोटी बसही आहे. सात-आठ किलोमीटरचा घाट चढून दस्तुरी नाक्यावर आलं की इंजिनाचं राज्य संपतं. पुढे खाजगी मोटार नाही, मोटारसायकल नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरहून थोडा मोठा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. मोटारबंदीची रीत मात्र त्याहून कितीतरी जुनी. नाक्यावर नगरपरिषदेचा कर भरायचा. इथे घोडेवाले, हमाल आणि हॉटेलांचे एजंट असा एक घोळका अंगावर येतो. ‘साहेब, स्टेशन लांब आहे, घोडा घ्या’ हे वाक्य ऐकू येणारच. अमन लॉज स्थानक तिथून चार-पाचशे पावलांवर आहे. शटल मिळाली तर पंधरा-वीस मिनिटांत बाजारपेठ, नाही मिळाली तर अडीच-तीन किलोमीटरची सावलीतली चाल. मी चालण्याच्या बाजूचा. रुळांच्या कडेने, लाल मातीतून, माकडांपासून पिशव्या सांभाळत तासाभराच्या आत बाजार येतो.

चालणाऱ्याला एक गोष्ट दिसते, शटलमध्ये बसणाऱ्याला ती दिसत नाही. या वाटेवर दिवसभर सामान चाललेलं असतं. भाजीच्या पोत्यांनी लादलेली तट्टं, बाटलीबंद पाण्याचे खोके रचलेल्या हातगाड्या, पाठीवर सुटकेसा बांधलेले हमाल. आणि हातरिक्षा. एक जण पुढे ओढणारा, दोघे मागून रेटणारे, मध्ये बसलेला प्रवासी, बहुधा आजीआजोबा. चढावर तिघांच्याही पोटऱ्या ताठतात, उतारावर तेच तिघं गाडी मागे खेचून धरतात. प्रवाशाला अवघडल्यासारखं होतं, तो नजर झाडांकडे वळवतो. पण गुडघे धरलेल्या माणसाला घोड्यावर चढता येत नाही आणि चालवतही नाही. गावातल्या रुग्णालाही दस्तुरीपर्यंत न्यायला कित्येक वर्षं हीच सोय होती, कारण तेव्हा इथे रुग्णवाहिकेसारख्या मोजक्याच मोटारवाहनांना अपवाद म्हणून परवानगी होती, आणि रुग्णवाहिकेची वाट पाहायला वेळ असावा लागतो.

ई-रिक्षासाठी हातरिक्षावालेच न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ५ डिसेंबर २०२२ला सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या. शाळकरी मुलं पहिल्यांदा चाकांवर बसून शाळेत गेली. मग वाद सुरू झाला तो दोन गोष्टींचा. रिक्षा कुणी चालवायच्या आणि रस्त्यावर काय घालायचं. लाल मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले तर माती वाहून जाणं थांबतं असं एक बाजू म्हणते. ब्लॉकांवरून घोडे घसरतात, पाणी मुरत नाही आणि उद्या मोटारींची वाट मोकळी होते असं दुसरी. घोडेवाल्यांच्या पोटाचा प्रश्न यात उघडच आहे. परवानाधारक घोडे चारशेहून जास्त आहेत आणि प्रत्येकामागे एक घर आहे. शेवटी न्यायालयाने ई-रिक्षा जुन्या हातरिक्षावाल्यांनाच द्याव्यात असं सांगितलं. ६ ऑगस्ट २०२५ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने आणखी स्पष्ट आदेश दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी आहे, ती सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांचं ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत चालतील, आतल्या वाटांवर नाहीत, असंही त्याच आदेशात आहे.

हा शेवटचा भाग शार्लोटला थेट लागू होतो. तळ्याकडे जाणारी वाट आतल्या वाटांपैकी आहे. म्हणजे तिथे माती राहणार आणि मातीवरून पाणी मुरत मुरत तळ्याकडे जाणार. मला हा निवाडा शहाणपणाचा वाटतो. पुतळ्यापर्यंत चाकं, पुढे पाय. आजी-आजोबांना बाजारात येता यावं, आजाऱ्याला नाक्यापर्यंत जाता यावं; दरीवरचं कणीस खायला मात्र कुणी रिक्षाने जाऊ नये.

बाजारपेठेतून तलाव नैर्ऋत्येला, दोनेक किलोमीटर. रमतगमत अर्धा तास. चप्पल, चिक्की, मध आणि वेताच्या टोपल्यांची दुकानं मागे टाकली की फाटे सुरू होतात आणि पाट्या कमी होतात. वाट विचारायची तर शार्लोटचं नाव घेण्यापेक्षा पिसारनाथाचं देऊळ विचारावं. घोडेवाला शार्लोट ऐकला की दर सांगतो. देवळाची वाट विचारणाऱ्याला हात करून वळण दाखवतो. हा भेद मला फार आवडला.

देऊळ तळ्याच्या काठालाच आहे. पिसारनाथ हे माथेरानचं ग्रामदैवत, शेंदूर माखलेलं स्वयंभू लिंग. बंगले, बांध, रेल्वे या सगळ्यांच्या आधीचं. ओढ्याच्या काठी देव आणि देवाभोवती राखलेली झाडी, ही सह्याद्रीतली जुनी जोडी. बांध घालणाऱ्यांनी पाणलोट शोधला तेव्हा त्याच्या डोक्यावर देव आधीच बसलेला होता. महाशिवरात्रीला इथे खालच्या वाड्यांमधून लोक चढून येतात. एरवी देवळात शांत असतं. मी बसलो होतो तेव्हा झाडीतून शीळकरी कस्तुराची शीळ येत होती. नवखा माणूस ती ऐकून हमखास मागे वळून पाहतो, कुणी पोरगं शीळ घालतंय का म्हणून. शेकरूही इथे दिसतं. मात्र त्यासाठी मान वर करून थांबावं लागतं, आणि पॉइंट उरकायचे असतील तर तेवढा वेळ नसतो.

तळ्याचं रूप महिन्यागणिक बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यात समोरचा काठ दिसत नाही. तळं भरलं की पाणी बांधावरून पलीकडे पडतं आणि पुढे कड्यावरून दरीत कोसळतं. या दिवसांत मुंबईची तरुण मंडळी झुंडीने येतात, सांडव्याखाली भिजतात, आणि त्यांतले काही बंदी न जुमानता पाण्यात उतरतात. तळ्याचा उतार एकदम आहे, तळाशी गाळ आहे, पाणी गार आहे. जून २०२५ मध्ये नवी मुंबईहून आलेले तीन तरुण इथे बुडाले. पोहण्याच्या बंदीची पाटी तिथे उगाच लावलेली नाही आणि तिला दोन कारणं आहेत: पाणी माणूस घेतं, आणि तेच पाणी गाव पितं. दुसरं कारण पाटीवर अधिक ठळक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये धुकं सरतं, तळं काठोकाठ असतं आणि पाणी हिरवंगार दिसतं. जायचं तर याच दिवसांत, आणि शक्यतो दिवाळीची गर्दी ओसरल्यावर. मग पाणी उतरायला लागतं. मेमध्ये काठचा लाल चिखल उघडा पडून भेगाळतो. गावात माणसं तेव्हाच सर्वांत जास्त असतात. तळ्याने आणि पर्यटकांनी वर्षाचं वेळापत्रक एकमेकांना विचारून ठरवलेलं नाही.

मग तूट भरून निघते कशी? तर नेरळहून. उल्हास नदीचं पाणी पायथ्याशी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने पंप करत माथ्यावर आणतात. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक साधा हिशेब करून पाहिला. एक हजार लिटर म्हणजे एक टन पाणी. ते साडेसातशे मीटर उंच चढवायचं तर, पंप आणि नळ यांत काहीही वाया गेलं नाही असं धरलं, तरी सुमारे दोन युनिट वीज लागते. प्रत्यक्षात पंपाची झीज आणि नळातलं घर्षण धरून तीन युनिटांच्या पुढेच जाते. एखाद्या हॉटेलात उतरलेलं चौघांचं कुटुंब दिवसाला हजारभर लिटर सहज वापरतं. शॉवर, पोरांचे मातीने माखलेले कपडे, दोनदा आंघोळ. म्हणजे माथेरानात नळ सोडला की खाली नेरळला कुठेतरी मोटर जोर लावते. इथलं पाणी महाग आहे अशी गावकऱ्यांची कायमची तक्रार असते. तक्रार खरी आहे, आणि पाणी महाग असण्याला कारण आहे हेही खरं. तलावातल्या पाण्याला हा चढ नाही. ते गाळायचं, शुद्ध करायचं आणि गावापर्यंतचा थोडा चढ चढवायचं, एवढंच. शार्लोटमध्ये गाळ जितका साचेल तितकी नेरळची मोटर जास्त चालेल.

गाळ येतो कुठून ते तळ्याभोवती एक चक्कर मारली की कळतं. घोड्यांच्या टापांनी सैल झालेली माती, लीद, वाटेच्या कडेला तुटलेली मुळं, आणि अर्थात प्लास्टिक. पावसाचे पहिले लोंढे हे सारं घेऊन घळीत उतरतात. यात घोडेवाल्यांना दोष देणं सोपं आहे. पण घोडा तळ्यापर्यंत येतो तो पाठीवर आपण बसलेले असतो म्हणून. बांधाच्या अलीकडे दोनशे पावलांवर घोडे थांबवले आणि पुढे सगळ्यांना चालायला लावलं तर काय बिघडेल, असं मी एका घोडेवाल्याला विचारलं. त्याला ते पटलं, पण गिऱ्हाइकाला पटणार नाही म्हणाला.

तलावापासून पुढे वाटा फुटतात. एको, लॉर्ड्स, लुईझा हे कडे जवळच आहेत. लुईझावरून समोर प्रबळगडाचा लांबलचक माथा दिसतो. त्यांच्याविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही. मला सांगायचंय ते कड्यांच्या फटींतून खाली उतरणाऱ्या वाटांबद्दल. सनसेट पॉइंटवरून धोदाणीला, रामबागेतून आणि वन ट्री हिलच्या बाजूने चौककडे, गार्बटवरून भिवपुरीकडे. गिर्यारोहकांना त्या ट्रेक म्हणून ठाऊक असतात. ठाकर बायाबापड्यांच्या त्या रोजच्या कामाच्या वाटा आहेत. पहाटे खालच्या वाडीतून भाजी, दूध, करवंदं, जांभळं घेऊन वर यायचं, बाजारात विकायची, हॉटेलात दिवसभर काम करायचं आणि अंधाराआधी उतरायचं. माथेरानच्या बाजारात सकाळी पाटी मांडून बसलेली बाई बहुतेक वेळा दीड-दोन तास चढून आलेली असते. तिच्याकडच्या जांभळांना घासाघीस करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

याच गावातला विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल वाड्यांवरच्या या माणसांसाठी उभा राहिला. भाई कोतवालांचा जन्म माथेरानचा, १९१२चा, नाभिक समाजातला. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि वाड्यांवर शाळा काढल्या. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या गटाने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांना ते आणि हिराजी पाटील बळी पडले. साहेबांनी हवा खायला वसवलेल्या गावाने असा माणूस दिला, हे पॉइंटांच्या यादीत कुठे येत नाही. गावात त्यांचं स्मारक आहे. तळ्याकडे जाताना पाच मिनिटं तिथे थांबायला हरकत नाही.

परतताना टॅक्सी नको असेल आणि गुडघे शाबूत असतील, तर वन ट्री हिलच्या बाजूची वाट धरावी. पावसाळ्यात नको, ती घसरडी आहे, आणि सोबत वाट माहीत असलेला माणूस हवाच. शिवाजी शिडी म्हणतात त्या खाचेतून उतरत गेलं की खाली मोरबे धरणाचं विस्तीर्ण पाणी दिसतं. ते नवी मुंबईचं. माथेरानच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस तिकडे जमतो आणि नळांतून शहरात जातो, त्याला माथेरानएवढा चढ चढावा लागत नाही. वर शार्लोटच्या बांधाने अडवलं ते माथेरानचं, निसटलं ते खालच्यांचं. उतरायला अडीच-तीन तास धरावेत, पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्याव्यात, आणि त्या वर बाजारात विकत घेण्याऐवजी मुक्कामाच्या नळावर भराव्यात. चौकला पोचलं की पनवेल आणि कर्जत दोन्हीकडे जायला गाड्या मिळतात.